मातीचा हिशेब जाणणारे महात्मा जोतीराव फुले

मृगाचा पहिला जोरदार पाऊस कोसळला की लोहारा परिसरातील ओढ्यानाल्यांना जे पाणी येते, त्याचा रंग पाहण्यासारखा असतो. माळाकडून येणारे पाणी तांबूस असते, काळ्या रानातून येणारे गढूळ काळे असते आणि दोन्ही मिळून पुढे नदीला जाते. हा रंग पाण्याचा नव्हे. तो कोणाच्या तरी शेताच्या वरच्या थराचा असतो. दुकानाच्या गल्ल्यात एक रुपया कमी भरला तर व्यापारी रात्री दिवा लावून चोपडी तपासतो. शेतातून शेकडो गाड्या माती वाहून गेली तरी तिची नोंद कोणत्याही वहीत होत नाही. ही न लिहिली जाणारी तूट शेतकऱ्याच्या, सावकाराच्या आणि सरकारच्या अशा तिन्ही खात्यांवर मांडली गेली पाहिजे, हे महाराष्ट्रात ज्यांनी फार लवकर ओळखले त्यांत महात्मा जोतीराव फुले यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. मुलींची शाळा, अस्पृश्यांसाठी खुला केलेला हौद आणि सत्यशोधक समाज यांमुळे जोतीराव घराघरांत परिचित आहेत. शेतीचा अर्थ जाणणारे जोतीराव मात्र अद्याप काहीसे दुर्लक्षितच राहिले आहेत.

जोतीरावांचा जन्म १८२७ सालचा. मूळ घराणे सातारा जिल्ह्यातील खटाव तालुक्यातल्या काटगुणचे. तेथून ते पुरंदर तालुक्यात खानवडीला आणि पुढे पुण्यात आले. खटाव आणि पुरंदर हे दोन्ही मुलूख अवर्षणाचे. पुण्यात या घराण्याने फुलांचा व्यवसाय केला, पेशव्यांकडून इनाम जमीन मिळवली आणि त्या व्यवसायावरूनच फुले हे आडनाव रूढ झाले. वडील गोविंदराव शेती आणि फुलाभाजीचा व्यापार करीत. आई चिमणाबाई जोतीराव वर्षाचे असतानाच निवर्तल्या. सगुणाबाईंनी त्यांचा मायेने सांभाळ केला.

माळ्याच्या घरात वाढलेल्या मुलाला एक शिक्षण शाळेबाहेर आपोआप मिळते. वाफ्याला पाणी किती द्यावे, पाट कोठे फोडावा, वरच्या वाफ्यातील माती खालच्या वाफ्यात उतरू नये म्हणून वरंबा किती उंच ठेवावा, हे त्याला कोणी पुस्तकातून शिकवीत नाही. जोतीरावांचे शालेय शिक्षण मध्यंतरी बंद पडले होते व ते मळ्यात राबत होते. गफार बेग मुनशी आणि लिजीट साहेब या दोन शेजाऱ्यांनी गोविंदरावांचे मन वळविले आणि १८४१ मध्ये ते स्कॉटिश मिशनच्या शाळेत दाखल झाले. तत्पूर्वी १८४० मध्ये सावित्रीबाईंशी त्यांचा विवाह झाला होता. १८४८ मध्ये भिडे वाड्यात मुलींची शाळा, १८६३ मध्ये बालहत्या प्रतिबंधक गृह, १८६८ मध्ये घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला करणे, १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ ग्रंथ आणि त्याच वर्षी २४ सप्टेंबर रोजी सत्यशोधक समाजाची स्थापना, हा क्रम सर्वश्रुत आहे. त्याचा विस्तार येथे करण्याचे प्रयोजन नाही.

इतकी मोठी सार्वजनिक कार्ये करणारा हा पुरुष आपला चरितार्थ कसा चालवीत होता, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. जोतीराव हे व्यवसायाने व्यापारी, कंत्राटदार आणि शेतकरी होते. १८८२ मध्ये हंटर शिक्षण आयोगाला सादर केलेल्या निवेदनात त्यांनी स्वतःची ओळख व्यापारी आणि शेतकरी अशीच करून दिली आहे. पुण्याजवळच्या सरकारी बांधकामांवर दगड, चुना इत्यादी साहित्य पुरविण्याची कंत्राटे त्यांनी घेतली. त्यांत खडकवासल्याचे धरण होते, येरवड्याचा पूल होता आणि कात्रजचा बोगदाही होता. याच कामांवर मजुरांचे हाल, अंमलदारांची कसूर आणि सार्वजनिक पैशाची गळती त्यांनी डोळ्यांनी पाहिली.

खडकवासल्याच्या धरणातून मुठा कालव्याचे पाणी पुण्याच्या पूर्वेकडील रानांत आले, तेव्हा तेथील शेतकरी ते घेण्यास सहजासहजी पुढे येईनात. पाणीपट्टी किती पडेल, ऐन वेळी पाणी मिळेल की नाही, पाटाच्या पाण्याने जमीन बिघडेल काय, अशा शंका होत्या आणि त्या अगदीच निराधार होत्या असे म्हणता येत नाही. जोतीरावांनी कालव्याखालील मांजरी येथे जमीन घेतली व तेथे ऊस, भाजीपाला, फळझाडे यांची बागाईत उभी केली. पाणी नेमके वापरले तर पडीक रानाचे मोल कसे पालटते, हे त्यांनी प्रत्यक्ष दाखवून दिले. शेतीवर लिहिणारे त्या काळी पुष्कळ होते. पदरचे भांडवल घालून त्याचा जमाखर्च सोसणारे मात्र फार थोडे होते, आणि जोतीरावांच्या लेखनाला जे वजन आहे ते त्यातून आले आहे.

त्यांचे हे विचार ज्या काळात पक्के झाले, तो काळ दख्खनच्या शेतकऱ्याला अत्यंत कठीण होता. १८६१ ते १८६५ या वर्षांत अमेरिकेतील यादवी युद्धामुळे इकडील कापसाला अपूर्व भाव आला आणि गावोगावी पैसा खेळू लागला. युद्ध संपले, भाव कोसळले. त्याच सुमारास जुन्या तीस वर्षांच्या बंदोबस्ताची मुदत संपून नव्या पाहणीने सारा वाढविला गेला. सारा रोख भरावयाचा. पीक येवो न येवो, हप्ता चुकत नसे. शेतकरी सावकाराच्या दारी गेला आणि गहाणखतावर गहाणखत चढत गेले. १२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातील सुपे येथे बाजाराच्या दिवशी उठाव झाला व तो पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत पसरला. जमावाचा रोख प्रामुख्याने मारवाडी आणि गुजर सावकारांच्या दस्तऐवजांवर होता. खतपत्रे आणि वह्या बाहेर काढून जाळल्या गेल्या. माणसांवर हात टाकण्याचे प्रकार त्या मानाने थोडे घडले. लगोलग १८७६ ते १८७८ चा भीषण दुष्काळ आला. सत्यशोधक समाजाने निराश्रित मुलांसाठी अन्नछत्र चालविले आणि जोतीराव व सावित्रीबाई त्या कामात गढून गेले. पुढे १८७९ मध्ये सरकारने दख्खनच्या शेतकऱ्यांना सावकारी जाचातून दिलासा देणारा कायदा केला.

या प्रकरणाचे स्मरण व्यापारी समाजाला सुखद नाही. तरीही ते टाळण्याचे कारण नाही. जोतीराव सावकारांविषयी कठोर लिहीत, आणि सरकारी अंमलदार व कुळकर्ण्यांविषयी त्याहूनही कठोर लिहीत. परंतु केवळ सावकाराला दोष देऊन ते थांबले नाहीत, हे त्यांचे वेगळेपण आहे. शेतकरी लग्नकार्यांत उधळपट्टी करतो म्हणून कर्जबाजारी होतो, असे त्या वेळी शहरांतील विद्वान व काही इंग्रज अधिकारी सांगत असत. जोतीरावांनी हे म्हणणे खोडून काढले. कर्ज फिटत नाही याचे मूळ त्यांनी शेताच्या उताऱ्यात शोधले आणि उतारा का घटला याचे मूळ मातीत आणि पाण्यात शोधले. कर्जाच्या व्यवहारात तारण म्हणून जी जमीन लिहून दिली जाते, तिचाच कस दरवर्षी ओढ्याने वाहून जात असेल, तर ऋणको बुडतो आणि धनकोही बुडतो. सुप्याला जळलेल्या वह्यांतील पुष्कळशी येणी तशीही वसूल होण्यासारखी राहिलेली नव्हती, असे म्हटल्यास ते फारसे चुकीचे ठरू नये.

१८८३ मध्ये जोतीरावांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ हा ग्रंथ पाच प्रकरणांत सिद्ध केला. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी तो त्यांच्याकडून वाचवून घेतला होता. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या ‘दीनबंधु’ पत्रात त्याची पहिली दोन प्रकरणे छापली गेली. पुढची सरकारी रोषाच्या भयाने छापण्याचे राहिले. ग्रंथाची भाषा धारदार आहे आणि आज काही ठिकाणी ती बोचतेही. पण जमिनीचा कस का गेला याविषयी त्यात जे विवेचन आहे, ते शांतपणे वाचण्यासारखे आहे.

त्यांचे निरीक्षण असे की, पूर्वी डोंगरटेकड्यांवर झाडझाडोरा होता. त्याचा पालापाचोळा, मेलेल्या किड्यामुंग्यांचे आणि पशुपक्ष्यांचे अवशेष पावसाच्या पाण्याबरोबर हळूहळू खालच्या शेतांत उतरत आणि जमिनीला आपसूक खत मिळे. जंगल खात्याने रान आणि गायराने ताब्यात घेतली, चराई बंद झाली, जनावरे घटली आणि जनावरांबरोबर शेणखत घटले. पूर्वी शेतकरी एखादे शेत वर्ष दोन वर्षे पडीक ठेवून त्याला विसावा देत असे. खाणारी तोंडे वाढल्यावर आणि साऱ्याचा तगादा लागल्यावर तो विसावाही संपला. उघड्या पडलेल्या डोंगरावरचे पाणी आता पोयटा घेऊन येण्याऐवजी शेतातलाच पोयटा घेऊन जाऊ लागले. जंगल, जनावर, खत, माती, उतारा, कर्ज, सारा ही साखळी इतकी अखंड मांडणारे लेखन त्या काळच्या मराठीत दुर्मिळ आहे.

जोतीरावांनी एकरी आकडे दिलेले नाहीत. त्या काळी तशी मोजणीही होत नसे. त्यांचा मुद्दा आजच्या साध्या गणिताने पडताळता येतो. एका एकरावरून केवळ एक सेंटिमीटर जाडीचा थर निघून गेला तर साधारण ४० घनमीटर, म्हणजे वजनात ५० टनांहून अधिक माती जाते. इतकी माती तलावातून उपसून पुन्हा शेतावर आणावयाची तर ट्रॅक्टरच्या कितीतरी खेपा लागतील; आणि खडकापासून तेवढी नवी माती तयार होण्यास पिढ्यान्‌पिढ्या जातात. पाण्याचेही तसेच. एका एकरावर २५ मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे १ लाख लिटर पाणी पडले. दहा हजार लिटरचे दहा टँकर! बांध नसलेल्या उताराच्या रानातून त्यातील मोठा वाटा तासाभरात निघून जातो. शाळूसारखे रब्बी पीक पेरणीनंतर बहुतांशी जमिनीतल्या ओलीवर येते. ओल एक वीत खोल असेल तर कडबासुद्धा धड हाती लागत नाही, आणि हातभर खोल असेल तर कणीस भरते. व्यापाराच्या भाषेत सांगावयाचे तर माती हे मुद्दल आहे, पीक हे व्याज आहे. ज्याची माती वाहते तो दरवर्षी मुद्दलातून खर्च करीत असतो आणि चांगल्या पावसाच्या वर्षी ते त्याच्या ध्यानातही येत नाही.

यावर जोतीरावांनी सुचविलेला उपाय त्या काळच्या राज्यकर्त्यांना चमत्कारिक वाटला असावा. शांततेच्या काळात सैन्य आणि पोलीस यांचे पुष्कळसे मनुष्यबळ रिकामे असते. त्यांच्याकडून जागोजाग ताली आणि बंधारे अशा रीतीने बांधून घ्यावेत की पावसाचे पाणी आधी शेतांत मुरेल आणि मगच ओढ्यानदीला मिळेल, असे त्यांनी लिहिले. आज जलसंधारणातील जाणकार माथा ते पायथा असा जो क्रम सांगतात, त्याचे हे बीज होय. डोंगरखोऱ्यांत सोयीच्या ठिकाणी तलाव बांधावेत. नद्या आणि तलाव यांतील साचलेला गाळ पूर्वीप्रमाणे शेतकऱ्यांना नेऊ द्यावा. गायराने गावांना परत करावीत. पाणाड्यांकडून राज्यातील जमिनीची पाहणी करवून पाण्याच्या जागा नकाशावर नोंदवाव्यात, आणि सरकारी मदतीवाचून विहीर खोदणाऱ्या शेतकऱ्यास बक्षीस द्यावे. कालव्याचे पाणी प्रत्येक शेतकऱ्याच्या रानाला बेताने, मोजून मिळावे अशी व्यवस्था असावी. शेतकऱ्यांच्या मुलांना शेतकीचे शिक्षण द्यावे, चांगल्या शेतीची प्रदर्शने भरवून बक्षिसे द्यावीत, असेही त्यांनी सुचविले.

यातील एक सूचना जैन वाचकांचे विशेष लक्ष वेधून घेईल. गोऱ्या शिपायांच्या खाण्यासाठी गाई, बैल आणि वासरे यांची जी कत्तल होत असे, ती थांबवावी, असा आग्रह जोतीरावांनी धरला. त्यामागील त्यांचे कारण धर्माचे नव्हते; शिपायांनी मेंढ्या-बकऱ्यांवर भागवावे असेही त्यांनी लिहिले आहे, आणि ते अहिंसेच्या दृष्टीने मान्य होण्यासारखे नाही. त्यांच्यासमोर बैलावाचून थांबलेली नांगरट आणि शेणावाचून उपाशी राहिलेली जमीन होती. परंतु करुणेच्या वाटेने आणि शेतीच्या हिशेबाने चालणारे दोघेही कधीकधी एकाच वळणावर भेटतात, ते असे.

जोतीरावांच्या योजनेत उणिवा नव्हत्या असे नाही. सारा भार त्यांनी सरकारवर टाकला. मोजणी, देखभाल, बांध फुटल्यास दुरुस्ती कोणी करावी, याचा तपशील त्यांच्या लेखनात नाही. बांध म्हणजे सर्वत्र एकच वस्तू नव्हे, हे पुढच्या पिढ्यांना नुकसान सोसून शिकावे लागले. हलक्या आणि मध्यम जमिनीत समपातळीवरचे बांध उपकारक ठरले. भारी काळ्या जमिनीत मात्र पाणी तुंबून रान चिबड झाले आणि बांध फुटून घळी पडल्या. अशा रानाला जादा पाणी हळूहळू बाहेर काढणारे ढाळीचे बांध लागतात. दोन शेजाऱ्यांच्या सामाईक बांधावरून होणारी भांडणे तर तहसील आणि कोर्टांना चांगलीच परिचित आहेत.

१८८५ मध्ये न्यायमूर्ती रानडे यांनी शेतकऱ्याची स्थिती पूर्वीपेक्षा सुधारल्याचे प्रतिपादन केले, तेव्हा जोतीरावांनी ‘इशारा’ ही पुस्तिका लिहून त्याचा प्रतिवाद केला. मार्च १८८८ मध्ये ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या सन्मानार्थ पुण्यात झालेल्या समारंभाला ते मुद्दाम शेतकऱ्याच्या वेशात गेले आणि भरजरी पोशाखांच्या गर्दीत उभे राहून त्यांनी शेतकऱ्यांची बाजू मांडली. त्याच वर्षी ११ मे रोजी मुंबईत मांडवी येथील कोळीवाड्याच्या सभागृहात जनतेने त्यांना महात्मा ही पदवी अर्पण केली. दोन महिन्यांतच त्यांना पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात निकामी झाला तेव्हा त्यांनी ‘सार्वजनिक सत्यधर्म’ हा ग्रंथ डाव्या हाताने लिहून पुरा केला. कंत्राटांत आणि शेतीत मिळविलेले द्रव्य समाजकार्यात संपून गेले होते. अखेरचे दिवस ओढगस्तीत गेले. २८ नोव्हेंबर १८९० रोजी पुण्यात त्यांचे देहावसान झाले.

त्यांच्या पश्चात ‘असूड’ पुष्कळ वर्षे विस्मृतीत पडून होता. पण शेते वाहणे थांबले नव्हते. १९३३ पासूनच्या काही वर्षांत सोलापूर, विजापूर आणि निजामी राज्यातील रायचूर यांसह देशात पाच ठिकाणी कोरडवाहू शेतीची संशोधन केंद्रे सुरू झाली आणि पावसाबरोबर माती व पाणी किती जाते याचे मोजमाप होऊ लागले. १९४२ मध्ये मुंबई इलाख्यात जमीन सुधारणा योजनांचा कायदा झाला. लोहारा परिसर त्या वेळी निजामाच्या राज्यात असल्याने तो कायदा येथवर पोहोचण्यास अवकाश होता. १९६९ मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने जोतीरावांचे समग्र वाङ्मय प्रसिद्ध केले. राहुरी येथील १९६८ साली स्थापन झालेल्या कृषी विद्यापीठाला त्यांचे नाव मिळाले आणि राज्य शासनाच्या जल व भूमी संधारण अभियानालाही ते देण्यात आले. तलावातील गाळ शेतकऱ्याने न्यावा ही त्यांची सूचना २०१७ मध्ये ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ या नावाने शासकीय योजना झाली, आणि २०१८ मध्ये भारतीय जैन संघटनेने बुलढाणा जिल्ह्यात यंत्रे लावून त्या प्रकारचे काम मोठ्या प्रमाणावर केले. १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारी-सास्तूर भागातील मुलांना शिक्षणासाठी पुण्यास नेणारी हीच संघटना, हे लोहाऱ्याच्या वाचकांना सांगावयास नको.

समग्र वाङ्मय निघून तीन वर्षे होतात न होतात तोच १९७२ चा दुष्काळ मराठवाड्यावर कोसळला. लक्षावधी माणसे सरकारी कामांवर उतरली. प्रारंभी त्यांतील पुष्कळ जण रस्त्याच्या कडेला खडी फोडीत बसले होते, आणि त्या खडीचे ढीग पुढे कित्येक वर्षे तसेच पडून राहिले. नंतर नालाबांध, पाझर तलाव आणि शेतातील बांधबंदिस्तीची कामे वाढविली गेली. त्या वर्षी डोक्यावर पाटी घेऊन उभ्या राहिलेल्या स्त्रीपुरुषांनी घातलेले काही बांध आजही शिवारांत टिकून आहेत. त्यांच्या वरच्या अंगाला माती साचून रान सपाट झाले आहे. खालच्या अंगाला, जेथे बांध पडला नाही, तेथे मुरूम उघडा आहे.